हे दाखवायचं का?

पगाराच्या बाबतीत मराठी माणूस अत्यंत प्रामाणिक असतो, कारण तिथे दुसरं काही होण्याची सोयच ठेवलेली नाही. पगार खात्यात पडण्याआधी ऑफिसने त्यातला कर कापलेला असतो, जूनमध्ये फॉर्म सोळा आलेला असतो आणि त्यातले आकडे आपल्याआधी आयकर खात्याने वाचलेले असतात. खरी कसोटी लागते ती पगाराबाहेरच्या पैशाने. शिकवणीचे, तबल्याच्या साथीचे, व्याख्यानाचे, भाषांतराचे, बोर्डाचे पेपर तपासल्याचे, एफडीच्या व्याजाचे, वरच्या खोलीच्या भाड्याचे, गावच्या आंब्याचे. हे पैसे येतात तेव्हा नुसता आनंद होतो. जुलै उजाडला की त्याच पैशांकडे बघून प्रश्न पडतो : हे दाखवायचं का?

हा प्रश्न कोणी फोनवर विचारत नाही. तो सीएच्या टेबलावर ओणवं होऊन, अर्ध्या आवाजात विचारायचा असतो. पगारदारांची शेवटची तारीख वर्षानुवर्षं ३१ जुलै, म्हणून आपण घरातून निघतो २५ जुलैला. त्याआधी 'तारीख वाढणार आहे म्हणे' या बातमीवर तग धरलेला असतो. २०२५ साली ती खरोखर वाढली. आधी १५ सप्टेंबर झाली आणि ऐन वेळी आणखी एक दिवस वाढून १६ सप्टेंबर झाली. त्या सोळा तारखेच्या संध्याकाळीही 'अजून वाढेल हो' म्हणत वडापाव खायला उठून गेलेले गृहस्थ मी पाहिले आहेत.

या जुलैलाही इतिहास आहे. १८५७च्या उठावाने सरकारची तिजोरी रिकामी झाली, तेव्हा ती भरायला जेम्स विल्सन नावाचे साहेब विलायतेहून आले आणि त्यांनी इथे प्राप्तिकर आणला. तो २४ जुलै १८६० रोजी लागू झाला, म्हणून २४ जुलै हा आयकर दिन. विल्सनसाहेब लगेच ऑगस्टमध्ये कलकत्त्यात वारले. करदात्यांच्या शिव्याशापांना इतकं रोकडं यश त्यानंतर कधी मिळालेलं नाही. कर मात्र १८६५ साली एकदा मावळला, पुन्हा उगवला आणि आता हलायचं नाव घेत नाही.

आमच्या भागातल्या सीएंचं ऑफिस पहिल्या मजल्यावर आहे. जुलैच्या शेवटच्या आठवड्यात जिन्याच्या पायरीपायरीवर छत्री निथळत असते आणि आत खुर्चीखुर्चीवर एकेक जण मांडीवर पिशवी घेऊन बसलेला असतो. पिशवी साडीच्या दुकानाची. तिच्यात पासबुकं, एलआयसीच्या पावत्या, घरपट्टीची पावती, लाइट बिल आणि कोणी विचारलंच तर असू दे म्हणून दहावीचं सर्टिफिकेट. कोपऱ्यात सीएच्या परीक्षेला बसलेला एक पोरगा असतो. त्याला सगळे 'आर्टिकल' म्हणतात. तो एका हाताने कीबोर्ड बडवतो आणि दुसरा हात ओटीपीसाठी पुढे करतो.

"काका, ओटीपी आला का?"

"कुठला? गॅसचा?"

आत सीएंच्या केबिनमध्ये 'दाखवायचं का'चा कार्यक्रम चालू असतो. डॉक्टरांना 'कधीमधी एखादा पेग' सांगणारा पेशंट आणि सीएंना 'असंच थोडंफार मिळतं' सांगणारा करदाता हे एकाच घराण्यातले. दोन्हीकडे ऐकणारा मनातल्या मनात आकडा दुप्पट करून घेतो.

मला इथे बसून बसून एक गोष्ट कळली आहे. पगार सगळीकडे सारखाच असतो, पण पगाराबाहेरच्या कमाईला दोन मापं असतात. चारचौघांत सांगायचं एक आणि जुलैत सांगायचं दुसरं. आमच्या ओळखीचे एक निवृत्त मुख्याध्यापक व्याख्यानं देतात. विषय कोणताही चालतो. शिवरायांचं व्यवस्थापन, ज्ञानेश्वरीतलं मानसशास्त्र, दहावीनंतर काय. पंगतीत बसले की मठ्ठ्याची वाटी बाजूला सारून म्हणतात, "हल्ली पाच हजारांच्या खाली मी माइकला हात लावत नाही. महिन्याला सात-आठ कार्यक्रम होतातच." तेच सर जुलैत सीएंपुढे बसले आणि म्हणाले, "कसलं मानधन हो! शाल आणि नारळ. पेट्रोलसुद्धा सुटत नाही."

सीए म्हणाले, "सर, मे महिन्यात माझ्या मुलीच्या लग्नात तुम्ही माझ्याच शेजारी जेवायला बसला होतात."

सरांनी मग शाल आणि नारळही दाखवावे लागतात का, असं विचारून विषय बदलायचा प्रयत्न केला. तोही फसला. व्यवसायातून पैशाऐवजी वस्तू मिळाली तरी कायदा तिला उत्पन्न मानतो. १ जुलै २०२२पासून तर अशा भेटवस्तू एकाच देणाऱ्याकडून वर्षात २० हजारांच्या वर गेल्या की देणाऱ्यानेच १० टक्के टीडीएस भरायचा असतो. हा नियम मोबाइल, कॅमेरे आणि परदेशवाऱ्या फुकट मिळवून त्यांचं कौतुक करणाऱ्या तरुण मंडळींनाही लागू आहे. त्यांचा धंदाही आता इतका मानाचा झाला आहे, की रिटर्नच्या फॉर्ममध्ये 'सोशल मीडिया इन्फ्लुएन्सर' असा वेगळा कोड आला. सरांच्या शालींची किंमत वीस हजारांपर्यंत पोचायला एकाच मंडळात अजून बरीच व्याख्यानं द्यावी लागतील.

उत्पन्नाचे कायद्याने पाच कप्पे केले आहेत. पगार, घरभाडं, धंदा-व्यवसाय, भांडवली नफा आणि या चारांत जे बसत नाही ते सगळं 'इतर स्रोत'. निवृत्त माणसाचं पेन्शन पगारात धरतात, पण तो गेल्यावर बायकोला मिळणारं कुटुंबनिवृत्तिवेतन इतर स्रोतांत जातं. हे कळल्यावर आमच्या चाळीतल्या एक आजी म्हणाल्या होत्या, "बेचाळीस वर्षं डबा करून दिला त्यांना, आणि मी इतर?"

भाड्याच्या कप्प्यात मात्र सरकारचं मन मोठं आहे. भाड्यातून पालिकेचा कर वजा केला की उरलेल्या रकमेचे ३० टक्के, काही न विचारता, घराच्या देखभालीसाठी म्हणून सोडून देतात. घरमालकाने दहा वर्षांत भिंतीला खिळा ठोकलेला नसला तरी सोडतात. भाडेकरूला खिळा ठोकू दिलेला नसला तरीही सोडतात.

फॉर्मची नावं ठेवणारा माणूस आशावादी असावा. पहिल्या फॉर्मचं नाव सहज, चौथ्याचं सुगम. दुसऱ्या आणि तिसऱ्याला नावंच नाहीत. तिसरा फॉर्म नोकरीबरोबर धंदा करणाऱ्यांच्या, म्हणजे ज्यांच्याकडे खरोखर वेगवेगळे पैसे येतात त्यांच्या वाट्याला येतो. तिथवर पोचेपर्यंत नाव ठेवणाऱ्याचाही धीर सुटला असणार.

सगळ्यांत मोठा गोंधळ टीडीएसचा. भाषांतराची कामं करणाऱ्या एक ताई एका कंपनीचं एक लाखाचं काम करतात. कंपनी १० टक्के कापते आणि ९० हजार पाठवते. कंपनीने एका वर्षात तीस हजारांच्या वर फी दिली की कापायचे, असा नियम होता. एप्रिल २०२५पासून ती मर्यादा पन्नास हजार झाली. ताईंचं म्हणणं, "कर कापला ना? मग तो विषय संपला." पण तिथेच विषय सुरू होतो. दाखवायचा असतो पूर्ण लाख आणि त्यावर कर भरलेला दिसायला हवा दहा हजारांचा. ताईंचा स्लॅब वीस टक्क्यांचा निघाला तर उरलेलं त्यांनीच भरायचं. उत्पन्न फारसं नसेल तर मात्र कापलेले पैसे परत येतात. ते आले की आपण ते आपलेच होते हे विसरून घरी पेढे आणतो. उशीर झाला तर खातं त्यावर महिन्याला अर्धा टक्का व्याजही देतं. त्या व्याजाचा पुढच्या जुलैत हिशेब द्यावा लागतो, कारण परताव्यावरचं व्याज हेसुद्धा इतर स्रोतांतलं उत्पन्न.

आता 'दाखवायचं का' या प्रश्नाची जी काही शान होती ती २०२१च्या नोव्हेंबरात गेली. त्या महिन्यात आयकर खात्याने एआयएस, म्हणजे वार्षिक माहितीपत्रक, लोकांपुढे आणलं. ते डाउनलोड करून उघडायचं तर पासवर्ड लागतो. आधी आपला पॅन, पण छोट्या लिपीत, आणि मग जन्मतारीख. पॅन आयुष्यभर मोठ्या अक्षरांत लिहिलेला असल्यामुळे काका मंडळी तीनदा चुकतात आणि 'बघ, माझं काही नाहीच त्यात' म्हणून समाधानाने मागे टेकतात. आर्टिकल पुढे होऊन ते उघडतो. आत बचत खात्याचं व्याज असतं, तीन बँकांतल्या एफडींचं व्याज असतं, लाभांश असतो, विकलेले म्युच्युअल फंड असतात, आणि कधी काळी पोस्टाजवळच्या सहकारी बँकेत उघडून विसरलेलं खातंही असतं. प्रत्येक नोंदीपुढे आपलं मत विचारलेलं असतं. माहिती बरोबर आहे, पूर्णपणे बरोबर नाही, दुसऱ्या पॅनची किंवा दुसऱ्या वर्षाची आहे, दोनदा आली आहे, किंवा मला अमान्य आहे. एका काकांनी आपल्याच एफडीचं व्याज बाणेदारपणे अमान्य केलं होतं. सीएंनी विचारलं, "मग एफडी बँकेला परत करताय का?"

घरोघरी या कागदाने आणखी एक काम केलं. आपल्याकडे घरातल्या सगळ्यांची लॉगिनं नवऱ्याच्या मोबाइल नंबरवर असतात. त्यामुळे बायकोचं एआयएस पहिल्यांदा नवऱ्याने उघडलं आणि तिथे त्याला दोन लाखांच्या एफडीचं व्याज भेटलं. पैसे कुठून आले, तर घरखर्चाला दिलेल्यातूनच साठवलेले. त्या रात्री घरात जे बोलणं झालं ते झालं. सीएंनी मात्र नवऱ्यालाच समोर बसवून सांगितलं, की नवऱ्याने बायकोला असेच दिलेले पैसे तिने गुंतवले तर त्यावरचं उत्पन्न नवऱ्याच्या उत्पन्नात धरतात. पैसे तिचे, एफडी तिची, कर तुमचा. त्या व्याजाची पुन्हा एफडी केली तर मात्र त्याचं व्याज तिचं. काकूंनी हे दुसरं वाक्य तेवढं लिहून घेतलं.

नात्यागोत्याच्या बाबतीत तर आयकराचा कायदा कोणत्याही कुलवृत्तान्तापेक्षा कडक आहे. नातेवाइकाने दिलेल्या भेटीवर कर नाही. परक्यांकडून वर्षभरात ५० हजारांच्या वर मिळाले तर सगळ्या रकमेवर कर. प्रश्न एवढाच, की नातेवाईक कोण? नवरा-बायको, भाऊ-बहीण, दोघांकडचे मेहुणे-नणंदा, आई-वडिलांचे भाऊ-बहीण, सरळ रेषेतले पूर्वज आणि वंशज, आणि या सगळ्यांचे नवरे किंवा बायका. या यादीत साडू बसतो. मामेभाऊ बसत नाही. चुलतभाऊ, आतेभाऊ, मावसभाऊ, ज्यांच्याबरोबर आपण वाड्यातल्या विहिरीत पोहायला शिकलो ते सगळे परके. ज्याच्याशी वर्षातून एकदा सासुरवाडीच्या ओटीवर 'काय म्हणतोय पाऊस' एवढंच बोलणं होतं तो साडू मात्र घरचा. व्याही तर कायद्याच्या खिजगणतीतही नाहीत.

खरी मजा काका-पुतण्यांची. काकाने पुतण्याला दहा लाख दिले तर करमाफ, कारण काका हे पुतण्याच्या वडिलांचे भाऊ. पुतण्याने काकांना दहा लाख दिले तर काकांना कर, कारण पुतण्या त्या यादीत कुठेच नाही. काका नातेवाईक आहेत, पुतण्या नाही. महाराष्ट्रात या कलमाचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागत नाही.

लग्नात वधूवरांना आलेली पाकिटं पूर्ण करमुक्त आहेत, देणारा कोणी का असेना. ही सवलत फक्त लग्नाला. मुंजीला नाही, वास्तुशांतीला नाही, साठीशांतीला नाही. म्हणजे मुंजीत बटूला बाबांच्या ऑफिसातल्या आणि सोसायटीतल्या लोकांकडून पन्नास हजारांच्या वर पाकिटं आली, तर ते उत्पन्न झालं. बटू अज्ञान असल्यामुळे ते आई किंवा वडील यांच्यापैकी ज्याचं उत्पन्न जास्त त्याच्या उत्पन्नात मिळवायचं. एका घरात हे कळल्यावर मातृभोजन बाजूला राहिलं आणि 'जास्त कोणाचं' यावर दुपार गेली. दोघांनीही पहिल्यांदाच आपला पगार दुसऱ्यापेक्षा कमी असल्याचं हिरिरीने मांडलं. मुलाने स्वतःच्या कलेने किंवा कष्टाने कमावलं, समजा एखाद्या मालिकेत बालकलाकार म्हणून, तर ते मात्र त्याचं स्वतःचं उत्पन्न. बटूने भिक्षावळ हेही कष्टाचंच काम असल्याचा मुद्दा काढला होता, पण सीएंनी तो ऐकून न ऐकल्यासारखा केला.

टीव्हीवरच्या खेळात जिंकलेल्या पैठणीलाही कायदा आहे. लॉटरी, कोडी आणि असले खेळ यांतल्या बक्षिसावर सरसकट ३० टक्के कर. वर उपकर. कसलीही वजावट नाही. दहा हजारांच्या वरची वस्तू असेल तर आधी कर भरल्याची खात्री करून मगच ती हातात द्यायची. पैठणी नेसून गिरकी घेणाऱ्या वहिनींच्या मागे टाळ्या वाजवणाऱ्यांपैकी कोणाला हे ठाऊक असतं?

कोकणातल्या मंडळींचा मुक्काम या सगळ्याच्या वर. शेतीच्या उत्पन्नावर केंद्राचा कर नाही. त्यामुळे जुलैत मुंबईच्या निम्म्या लोकांना गावाकडे आपली कलमं असल्याचं आठवतं. गिरगावातले एक गृहस्थ दरवर्षी आंब्याचे पैसे सांगतात. सीएंनी एकदा नम्रपणे विचारलं, "यंदा मोहोर जळाला म्हणून तुम्हीच रडत होतात ना?" गृहस्थ म्हणाले, "जळाला तो वरच्या वाडीतला." गंमत म्हणजे हे करमुक्त पैसेही दाखवावेच लागतात, आणि ते पाच हजारांच्या वर असतील तर 'सहज' फॉर्म चालत नाही. शिवाय बाकीचं उत्पन्न करपात्र असेल तर दर ठरवताना आंबे हिशेबात धरतात. त्याच आंब्यांचा रस काढून डबाबंद केला, की त्यातल्या कारखानदारीच्या भागावर कर लागतो. कायद्याच्या नजरेत पेटी शेतकरी आणि डबा कारखानदार.

लेखकांचा विषय थोडक्यात आटोपतो, कारण रक्कमच थोडकी असते. १९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्रांनी 'मनोरंजन'चा पहिला दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखक दिवाळीत लिहितो आणि मानधनाची वाट शिमग्यापर्यंत बघतो. अशा लेखकासाठी जुन्या करपद्धतीत एक वजावट आहे. पुस्तकांच्या रॉयल्टीतून वर्षाला तीन लाखांपर्यंत वगळता येतात. ही मर्यादा एका कथाकाराला वाचून दाखवली, तेव्हा ते इतके हसले की त्यांना पाणी द्यावं लागलं. मग डोळे पुसून म्हणाले, "वर नाही ना जाणार, याची काळजी घेईन."

सरकारने काही व्यवसायांची यादी केली आहे. वकील, डॉक्टर, इंजिनिअर, वास्तुविशारद, हिशेबनीस, अंतर्गत सजावटवाले, माहिती-तंत्रज्ञानवाले आणि चित्रपट कलावंत. चित्रपट कलावंतांत नट आहे, कॅमेरावाला आहे, संगीतकार, गायक, गीतकार, संवादलेखक, नृत्यदिग्दर्शक आणि कपडे बेतणाराही आहे. आमच्या तबलजींनी ती यादी वरून खाली आणि खालून वर ऐकली. आपलं नाव नाही म्हटल्यावर शांतपणे म्हणाले, "म्हणजे गाणं ठेक्याशिवाय झालं?" त्यांनी मग आपले खर्च सांगायला घेतले. पुडी बदलली, शाई भरून घेतली, डग्ग्याला नवी खोळ शिवली, रिक्षा, कार्यक्रमाआधीचं पान. आवाज चांगला खणखणीत होता. मिळकत अर्ध्या आवाजात आणि खर्च भरघोस सुरात, हा नियम मी कधी मोडलेला पाहिला नाही.

या यादीतल्यांना एक मोठी सवलत आहे. जमा झालेल्या रकमेतला निम्मा भाग खर्चात गेला असं सरकार आपणहून धरून चालतं. पावत्या मागत नाही, वह्या मागत नाही. वर्षाला पन्नास लाखांपर्यंतची जमा असेल तर ही सोय, आणि रोखीचा व्यवहार पाच टक्क्यांच्या आत ठेवला तर पंचाहत्तर लाखांपर्यंत. कायद्याच्या भाषेत हे कलम चव्वेचाळीस एडीए. १९६१चा कायदा जाऊन एप्रिल २०२६पासून २०२५चा नवा कायदा आला, त्यात कलमांचे आकडे बदलले, पण सीएंच्या तोंडी अजून जुनाच आकडा आहे.

माझा भाचा घरी बसून परदेशी कंपन्यांची सॉफ्टवेअरची कामं करतो. निम्मा खर्च गृहीत धरतात हे कळल्यावर त्याला भरून आलं. त्याचा खर्च म्हणजे इंटरनेट, लॅपटॉपचा हप्ता आणि बर्म्युडा. चहा आई देते. खोली वडिलांची. चोवीस लाख आले, बारा दाखवले. सीए त्याला दरवर्षी बजावायचे, "अरे, निम्मे ही किमान मर्यादा आहे. खरोखर जास्त सुटले असतील तर जास्त दाखवायचे, असं कलमातच आहे." पोरगा मान हलवायचा, बारा लाखांवरचा कर १५ मार्चला आगाऊ भरायचा आणि पुढच्या मार्चपर्यंत हे वाक्य विसरायचा.

मग त्याला फ्लॅट घ्यायचा झाला. बँकेने तीन वर्षांची रिटर्नं मागितली. त्याने सांगितलं महिन्याला दोन लाख, कागद म्हणाला एक. बँकेतल्या बाईंनी विचारलं, "नक्की किती?" पोरगा म्हणाला, "ते सरकारला दाखवलेलं आहे." बाई म्हणाल्या, "मग कर्जही तेवढंच दाखवते." आणि दाखवलं. त्यात दोन खोल्या बसत होत्या, हॉल बसत नव्हता. त्याच महिन्यात एक स्थळ सांगून आलं आणि मुलीकडच्यांनी निरोप पाठवला, की मुलाला नोकरी नाही म्हणता तर पत्रिकेबरोबर रिटर्नही पाठवा.

तिथून भाच्याचा नूर पालटला. त्या वर्षी जुलै उजाडण्याची वाटही न बघता तो एप्रिलमध्येच सीएंकडे जाऊन बसला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "साहेब, चोवीसातले वीस दाखवा. लागेल तो कर भरतो." वेटिंगमधले काका-मावश्या थिजून बघत राहिले. आर्टिकलने ओटीपी मागायचा थांबवला.

ते रिटर्न घेऊन आम्ही मुलीकडे गेलो. मामा म्हणून मी होतोच. मुलीचे वडील बँकेतून निवृत्त झालेले. त्यांनी चष्मा बदलला आणि रिटर्न पहिल्या पानापासून वाचायला घेतलं. वीस लाखांवरून त्यांची नजर थांबेल म्हणून भाचा ताठ बसला होता. ती तिथे थांबलीच नाही. ते सरळ इतर स्रोतांवर आले.

"सेव्हिंगचं व्याज साडेचारशे?"

"हो काका."

"तीन टक्क्यांनी धरलं तर वर्षभर खात्यात सरासरी पंधरा हजार. बाकीचे जातात कुठे?"

आयकर खात्याने सहा वर्षांत त्याला हा प्रश्न विचारला नव्हता. भाचा माझ्याकडे बघायला लागला.

"एसआयपी, काका."

"मग भांडवली नफा शून्य कसा?"

"विकलंच नाही काही."

"आणि कर्ज?"

"अजून घेतलं नाही. हॉल बसत नव्हता."

त्यांनी पान उलटून कराची चलनं एकेक करून तपासली. तारखा बघितल्या, बेरीज मनातल्या मनात करून शेवटच्या आकड्याशी ताडून घेतली. मग रिटर्न नीट घडी करून पत्रिकेच्या वर ठेवलं आणि आत वळून हाक मारली, "अगं, पोहे आणा."